सही आणि सक्ती

माणसाने माणसाला दिलेला प्रत्येक शब्द कायदा पाळायला लावत नाही. जेवणाचे आमंत्रण स्वीकारून ऐनवेळी न फिरकणाऱ्या पाहुण्याला लोक नावे ठेवतील, पण त्याच्यावर दावा लावता येणार नाही. कोणता शब्द न्यायालयाकरवी पाळून घेता येतो आणि कोणता केवळ संबंधितांच्या सचोटीवर सोडावा लागतो, हे ठरवणारा भारतातील मूळ कायदा म्हणजे 1 सप्टेंबर 1872 पासून अमलात आलेला भारतीय करार कायदा. सुरुवातीला त्यात 266 कलमे होती. पुढे मालविक्रीचा भाग 1930 मध्ये आणि भागीदारीचा 1932 मध्ये स्वतंत्र कायद्यांत गेला, पण कराराच्या सर्वसाधारण तत्त्वांची पहिली 75 कलमे आजही बहुतांशी त्याच भाषेत टिकून आहेत, आणि दुधाच्या रतिबापासून विमानतळाच्या ठेक्यापर्यंतचे व्यवहार त्यांच्यावरच उभे आहेत.

एका पक्षाने प्रस्ताव मांडावा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारावा आणि दोघांनी एकमेकांना काही मोबदला द्यावा किंवा देण्याचे कबूल करावे, एवढ्याने दोघांत ठराव होतो. कायद्याच्या परिभाषेत या मोबदल्याला प्रतिफल म्हणतात. मात्र त्या ठरावाला कराराचा दर्जा मिळण्यासाठी कलम 10 आणखी काही अटी घालते : दोन्ही पक्ष सज्ञान आणि सुबुद्ध असावेत, त्यांची संमती मुक्त असावी, आणि ठरावाचा हेतू व प्रतिफल कायदेशीर असावे. यांपैकी ‘मुक्त संमती’ हा शब्दप्रयोग दिसायला साधा असला, तरी गेल्या दीडशे वर्षांतील बहुतेक मोठे वाद त्याच्याभोवतीच फिरले आहेत. जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, कपट, चुकीचे कथन आणि चूक या पाच कारणांनी संमती दूषित होते, असे कायदा सांगतो. परंतु यांतील जबरदस्तीची व्याख्या इतकी अरुंद आहे की तिच्यात दंडविधानाने मनाई केलेले कृत्य किंवा त्याची धमकी, आणि बेकायदा अडकवून ठेवलेली मालमत्ता, एवढेच बसते. चाकू दाखवून घेतलेली सही तिच्या कक्षेत येते. घरात दाणा नाही म्हणून केलेली सही येत नाही.

ही मांडणी एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या विचाराला धरून होती. आपले हित प्रत्येकाला कळते, बाजारात दोघे समान पायरीवर उभे असतात आणि दोघांनी जे ठरवले त्याच्या बरेवाईटपणात न्यायाधीशाने डोकावू नये, असा तो विचार होता. कलम 25 खाली दिलेले एक उदाहरण त्याचे सार सांगते. हजार रुपये किमतीचा घोडा एखाद्याने दहा रुपयांना विकायचे कबूल केले आणि संमती मुक्तपणे दिली असली, तर प्रतिफल अपुरे आहे एवढ्या कारणावरून तो करार मोडत नाही. किंमत इतकी कमी का, हा प्रश्न न्यायालय विचारू शकते, पण केवळ संमती मुक्त होती की नाही हे तपासण्यापुरताच.

मुंबई इलाख्यात हा विचार कोऱ्या पाटीवर लिहिला गेला नव्हता. 1872 पूर्वी हिंदू आणि मुसलमान पक्षकारांच्या करारांना मुंबई शहरात त्यांचे त्यांचे कायदे लावण्याची रीत होती, आणि हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता : एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये, मग ऋणकोने कागदावर काहीही लिहून दिलेले असो. कराराच्या मजकुरापलीकडची ही मर्यादा नव्या कायद्यानंतरही या भागात टिकून राहिली. तथापि खेड्यातल्या कुणब्याला तिचा आधार पुरेसा नव्हता. दिवाणी न्यायालयात सावकाराने खत पुढे केले आणि खालची निशाणी शाबीत झाली की हुकूमनामा निघे, आणि त्या खतातला आकडा मुळात कोणत्या देण्यातून, किती वेळा व्याजाचे मुद्दल करून फुगला, याची चौकशी सहसा होत नसे.

करार कायदा लागू होऊन तीन वर्षे होत नाहीत तोच, मे 1875 मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि हा उठाव लवकरच नगर जिल्ह्यातही पसरला. ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उठावाचे लक्ष्य धान्य वा दागिने यांपेक्षा कागद हे होते. खते आणि हुकूमनामे हवाली केले की पुष्कळ ठिकाणी सावकाराच्या अंगाला हात लागत नसे. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून पुढे 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, जो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातील तरतूद त्या काळाच्या मानाने धाडसी होती. शेतकऱ्याविरुद्ध कर्जाचा दावा आल्यावर न्यायालयाने व्यवहाराचा अगदी सुरुवातीपासूनचा इतिहास तपासावा, आणि चक्रवाढ व्याज कबूल केलेले असले, मागचा हिशेब दोघांना मान्य आहे असे लिहिलेले असले किंवा जुने व्यवहार मिटवून हे नवे खत केले आहे असा मजकूर असला, तरी ते सर्व बाजूला ठेवून खाते पुन्हा उघडावे, असा त्यात आदेश होता. मुंबई उच्च न्यायालयात 1893 मध्ये नेमणूक होण्यापूर्वी महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील न्यायदानाच्या कामात अनेक वर्षे घालवली. सही खरी आहे का, या प्रश्नाच्या जागी ती कोणत्या परिस्थितीत झाली हा प्रश्न न्यायाधीशाला अधिकृतपणे विचारायला लावणारा हा कायदा, भारतीय करारशास्त्राच्या इतिहासात त्याला मिळते त्यापेक्षा किती तरी मोठ्या जागेचा हक्कदार आहे.

त्याचा थेट वारसा म्हणता येणार नाही, पण त्याच दिशेचे पाऊल 1899 मध्ये मूळ करार कायद्यातही पडले. गैरवाजवी दडपणासंबंधीचे कलम 16 त्या वर्षी नव्याने लिहिले गेले आणि त्याखाली दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली गेली. पहिल्यात, आधीच गावच्या सावकाराच्या देण्यात असलेला माणूस त्याच सावकाराकडून उघड अन्यायकारक वाटणाऱ्या अटींवर नवे कर्ज घेतो. तेथे दडपण आणले नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर पडतो. दुसऱ्यात, पैशाची बाजारात टंचाई असताना एक जण पेढीकडे कर्ज मागतो आणि पेढी नेहमीपेक्षा फार चढा दर लावते; तेथे दडपण नाही, तो नेहमीचा व्यापार आहे. दोघेही गरजवंतच आहेत, पण पहिल्याला गावात दुसरे दार नाही आणि दुसऱ्याला बाजार खुला आहे. एकाच पानावर मांडलेला हा भेद पुढच्या शतकातील अनेक लांबलचक निकालपत्रांपेक्षा स्पष्ट आहे.

कायद्याने ठेवलेला दुसरा दरवाजा कलम 23 चा. ठरावाचा हेतू वा प्रतिफल अनैतिक असेल किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असेल, तर तो ठराव शून्य, म्हणजे मुळापासूनच निष्प्रभ ठरतो. सार्वजनिक धोरण म्हणजे नेमके काय हे कलमात सांगितलेले नाही, आणि न्यायाधीशांनी आपापल्या मतांना धोरणाचे नाव देऊन लोकांचे करार मोडू नयेत, या भीतीने न्यायालयेही त्याचा वापर हात राखून करत. सट्ट्याच्या व्यवहारासाठी केलेल्या भागीदारीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्येही हीच सावध भूमिका घेतली आणि सार्वजनिक धोरणाच्या नव्या शाखा सहजासहजी फुटू देण्याची तयारी दाखवली नाही.

दरम्यान 1950 मध्ये राज्यघटना आली होती. तिच्यातील बहुतेक मूलभूत हक्क शासनाविरुद्ध आहेत : अनुच्छेद 14 ची समानता शासनाने पाळायची असते, शेजाऱ्याने नव्हे. काही हक्क मात्र खासगी व्यक्तींनाही थेट बांधतात. अनुच्छेद 15 (2) दुकाने आणि उपाहारगृहे यांतील प्रवेशाबाबत भेदभावाला मनाई करतो, अनुच्छेद 17 अस्पृश्यता नष्ट करतो, अनुच्छेद 23 वेठबिगारीला आणि सक्तीच्या श्रमाला बंदी घालतो. कराराचे स्वातंत्र्य अशा नावाचा स्वतंत्र हक्क घटनेत नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1905 मध्ये न्यूयॉर्कच्या बेकरी कामगारांना आठवड्याला 60 तासांपेक्षा जास्त राबवू नये असा कायदा कराराच्या स्वातंत्र्याच्या नावाने रद्द केला होता आणि त्या विचारातून बाहेर यायला त्या देशाला 1937 उजाडले. भारतीय घटनेने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले, पण त्यावर वाजवी निर्बंधांची मुभा ठेवली आणि राहणीमानाला पुरेल असे वेतन मिळवून देण्याचे काम मार्गदर्शक तत्त्वांत शासनावर सोपवले.

घटनेचा करारावरचा सर्वांत खोल परिणाम ज्या निकालातून दिसला, तो 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांसंबंधीचा होता. दिल्लीत स्टेडियम आणि उड्डाणपूल उभारणारे मजूर ठेकेदारांनी मुकादमांमार्फत आणले होते. किमान वेतन दिवसाला 9 रुपये 25 पैसे असताना मुकादम माणशी एक रुपया दलाली कापून घेत आणि मजुराच्या हाती 8 रुपये 25 पैसे पडत. मजुरांवर कोणी बंदूक रोखली नव्हती, ते आपल्या पायांनी कामावर येत होते, आणि करार कायद्याच्या जुन्या दृष्टीने पाहिले तर हा स्वस्तात विकलेल्या घोड्याचाच प्रकार होता. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेच्या पत्रावरून सुरू झालेल्या या प्रकरणात न्या. पी. एन. भगवती यांनी वेगळा निर्णय दिला. भूक आणि दारिद्र्य यांमुळे माणसापुढे दुसरा मार्गच उरत नसेल, तर ती परिस्थितीदेखील सक्तीच होय. म्हणून किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर घेतलेले काम, मजूर राजी असला तरी, अनुच्छेद 23 मधील सक्तीचे श्रम ठरते, आणि हा हक्क खासगी ठेकेदाराविरुद्धही बजावता येतो. करार कायद्याच्या व्याख्येत ज्या भुकेला जागा नव्हती, तिला घटनेच्या व्याख्येत जागा मिळाली.

शासन स्वतःच कराराचा पक्ष असते तेव्हा प्रश्न तुलनेने सोपा होतो. मुंबई विमानतळावर दुसऱ्या वर्गाचे उपाहारगृह आणि दोन अल्पोपाहार केंद्रे चालवण्यासाठी काढलेल्या निविदेत किमान पाच वर्षांच्या अनुभवाच्या नोंदणीकृत उपाहारगृहचालकाची अट होती, आणि ठेका मात्र त्या अटीत न बसणाऱ्या संस्थेला गेला. सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये सांगितले की खासगी मालक ज्याला वाटेल त्याला ठेका देऊ शकतो, शासन किंवा शासनाचे अंग असलेले प्राधिकरण तसे करू शकत नाही. त्याने स्वतः घातलेली अट स्वतः पाळलीच पाहिजे. गंमत अशी की अर्जदाराला या तत्त्वाचा फायदा झाला नाही, कारण तो उशिरा आला होता आणि तोवर ठेकेदाराने भरपूर खर्च करून टाकला होता. देशभरातील निविदा प्रक्रियेला ज्या निकालाचा आधार आज दिला जातो, त्यात याचिका फेटाळलेली आहे.

शासकीय नोकरीच्या अटींचा प्रश्न 1986 मध्ये ऐरणीवर आला. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीच्या सेवानियमांत, कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन, कोणतेही कारण न सांगता काढता येईल असा नियम होता, आणि नोकरीत येताना कर्मचाऱ्याने तो मान्य केलेला होता. निकाल लिहिणारे न्या. डी. पी. मदन हे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी अनुच्छेद 14 चा आधार घेतलाच, पण तेवढ्यावर न थांबता करार कायद्याच्या कलम 23 मधील सार्वजनिक धोरणाचा अर्थ घटनेतील मूल्यांच्या प्रकाशात लावला : दोन पक्षांच्या सौदाशक्तीत प्रचंड तफावत असेल, दुर्बळ पक्षासमोर छापील अटींखाली सही करण्यावाचून खरा पर्याय नसेल आणि अटी विवेकाला धक्का देणाऱ्या असतील, तर न्यायालय तेवढा भाग शून्य ठरवू शकते. दोन व्यापाऱ्यांमधील सौद्याला हा नियम लागू नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. दिल्ली परिवहन महामंडळाच्या अशाच नियमावर घटनापीठाने 1990 मध्ये बहुमताने तीच भूमिका कायम केली. सौदाशक्ती मोजायची कशी, याचे माप मात्र कोणत्याच निकालात नाही, आणि हे या तत्त्वाचे बळही आहे आणि दुखणेही.

स्त्रियांच्या नोकरीच्या अटींचा इतिहास याहून वेडावाकडा आहे. मुंबईतील एका औषध कंपनीत, विशिष्ट विभागातील स्त्री कामगाराने लग्न केले की तिची नोकरी संपे. विवाहित स्त्रिया जास्त गैरहजर राहतात हे कंपनीचे समर्थन सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1965 मध्ये फेटाळले आणि तो नियम रद्द करायला लावला. हे खासगी कंपनीच्या बाबतीत शक्य झाले, कारण औद्योगिक कायद्याखाली न्यायाधिकरणाला पक्षांचा करार बदलून नव्या अटी घालण्याचा अधिकार असतो. सोळा वर्षांनी एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. एअर इंडिया सार्वजनिक मालकीची, म्हणजे समानतेच्या हक्काने थेट बांधलेली. न्यायालयाने पहिल्या गर्भारपणात नोकरी संपवणारा नियम मनमानी म्हणून रद्द केला, पण पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास नोकरी जाईल ही अट वाजवी ठरवली. घटनेचा हक्क जवळ असणे आणि न्यायाधीशांनी तो शेवटपर्यंत लावणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे या जोडीवरून दिसते.

हक्क करारानेच सोडून दिला तर काय, हा प्रश्न मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या प्रकरणात उभा राहिला. 15 ऑक्टोबर 1981 नंतर झोपड्या पाडण्यास आडकाठी करणार नाही, अशी हमी त्यांच्या वतीने उच्च न्यायालयात दिली गेली होती. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1985 मध्ये सांगितले की मूलभूत हक्क ही व्यक्तीची खासगी मिळकत नसून घटनेने सार्वजनिक हितासाठी घातलेली मर्यादा आहे, त्यामुळे कोणी कबुली दिली म्हणून तो हक्क संपत नाही.

दोन्ही पक्ष खासगी असले की मात्र न्यायालयाचा हात आखडतो. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या उपविधीत सभासदत्व फक्त पारशी समाजापुरते होते, आणि एका सभासदाला आपली जागा बाहेरच्या बिल्डरला विकायची होती. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये उपविधी कायम ठेवला : सभासदाने तो मान्य करूनच प्रवेश घेतला आहे, संघटन करण्याचा हक्क हाही मूलभूत हक्कच आहे, आणि सार्वजनिक धोरण सहकार कायद्याच्या तरतुदींत शोधायचे, थेट घटनेच्या भाषेत नाही. मदन यांनी उघडलेली वाट येथे बरीच अरुंद झाली. शहरातील घर हे क्लबच्या सभासदत्वासारखे नसते, आणि धर्म किंवा आहार यांवरून घर नाकारले जाण्याच्या तक्रारी मुंबईत नवीन नाहीत, हे लक्षात घेता हा निकाल पुन्हा तपासला जावा असे म्हणायला भरपूर जागा आहे.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने 1993 मध्ये असाच पेच वेगळ्या रीतीने सोडवला. तुटपुंजी कमाई असलेली एकवीस वर्षांची मुलगी वडिलांच्या कर्जाला एक लाख मार्कपर्यंत जामीन राहिली होती, आणि ही सही केवळ कागदोपत्री हवी आहे असे बँकेच्या माणसाने तिला सांगितले होते. न्यायालयाने करार स्वतः मोडला नाही; एक पक्ष इतका दुबळा असताना दिवाणी न्यायालयांनी नागरी कायद्यातील चांगुलपणाच्या व सदाचाराच्या कलमांचा अर्थ मूलभूत हक्क ध्यानात घेऊनच लावला पाहिजे, असे त्यांना बजावले. म्हणजे घटना आणि खासगी करार यांच्यामध्ये साधा नागरी कायदाच दुवा राहतो. भारतात 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद 19 आणि 21 खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतील असे बहुमताने म्हटले आहे, पण कराराच्या क्षेत्रात त्याचा अर्थ काय होतो हे अद्याप उलगडायचे आहे.

तत्त्वाचा वारा उलट्या दिशेनेही वाहतो. विजया बँकेत तीन वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याने दोन लाख रुपये भरावेत ही अट मे 2025 मध्ये वैध ठरली. सार्वजनिक बँकेला पुन्हा भरतीचा खर्च पडतो आणि व्यवस्थापक पदाच्या पगारापुढे ही रक्कम अवास्तव नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला वाटले. सही करणारा शिकलेला, चांगला पगार घेणारा होता, आणि छापील अटी म्हणजे आपोआप अन्याय नव्हे, हे मान्य करावेच लागते.

रोजच्या जीवनातील छापील अटींचा बंदोबस्त अखेर न्यायालयांपेक्षा विधिमंडळांनी अधिक केला. साडी हरवली तर बाजारभावाच्या फक्त पंधरा टक्के भरपाई, असे पावतीच्या मागे छापणाऱ्या लाँड्रीची अट मद्रास उच्च न्यायालयाने साठच्या दशकात शून्य ठरवली होती, पण प्रत्येक गिऱ्हाईक उच्च न्यायालयापर्यंत जात नाही. घर घेणाऱ्याचा हप्ता चुकला तर त्याच्याकडून 18 टक्के व्याज, आणि ताबा रखडून पैसे परत करायची वेळ आली तर बिल्डरकडून 9 टक्के, अशा करारनाम्याला सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ग्राहक कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा म्हटले. त्याआधी 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, दोघांना एकच व्याजदर लावला होता. 2019 च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही स्वतंत्र संकल्पना आली. विधी आयोगाने 1984 मध्ये 103 व्या आणि 2006 मध्ये 199 व्या अहवालात अशी तरतूद सर्वच करारांसाठी सुचवली होती. ती ग्राहकांपुरतीच मिळाली.

परिणामी जो ग्राहक नाही आणि कागदोपत्री नोकरही नाही, तो या सगळ्या जाळ्याच्या बाहेर राहतो. मोबाइल ॲपवर टॅक्सी चालवणारा किंवा घरोघरी जेवण पोहोचवणारा माणूस अटींचे अनेक पडदे बोटाने सरकवून ‘मान्य’ हे बटण दाबतो, त्या अटी कंपनी एकतर्फी बदलू शकते, आणि कंपनी शासनाचे अंग नसल्याने अनुच्छेद 14 तेथे थेट लागू होत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ अशी व्याख्या केली, पण त्याला पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेरच ठेवले. अशा कामगारांच्या संघटनेने 2021 मध्ये अनुच्छेद 14, 21 आणि 23 यांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. करारनाम्यात कामगाराला ‘भागीदार’ म्हटले आहे म्हणून तो भागीदार होत नाही, न्यायालयाने त्या कागदाच्या पलीकडे जाऊन दोघांमधला प्रत्यक्ष व्यवहार पाहावा, अशी तिची मांडणी आहे.